पत्र्याखालचे चाळीस अंश: पहिल्या हॉट योगा वर्गाच्या तयारीच्या नोंदी

१३ एप्रिल, डिचोली (गोवा)

भाची पर्वरीला नोकरी करते. तिने मला न विचारता आसगावातल्या एका स्टुडिओत दोघींच्या जागा धरल्या. १० मे, सकाळी आठ वाजता, माणशी ₹९००, तिच्याच खर्चाने. खोली चाळीस अंशांवर तापवतात आणि तिच्यात नव्वद मिनिटं आसनं करायची. फोनवर म्हणाली, "मावशे, महिना आहे हातात, तयारी कर." मी म्हटलं, तयारी कसली गो, मे महिन्यात बंद खोलीत इस्त्री फिरवणारी बाई मी. लग्नसराईत दिवसाला सहा-सहा ब्लाउज शिवते. आम्हाला उकाड्याचं काय कौतुक!

हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढच्या नोंदींमध्ये ते मला भोवलं आहे.

माझी जमा बाजू: वय ४७, वजन ६८ किलो, रक्तदाबाची गोळी चार वर्षं चालू. साधी योगासनं आठवड्यातून तीनदा, गावातल्या बायकांबरोबर देवळाच्या सभामंडपात. आसनांची भीती नाही. क्रम ठरलेला आहे: २६ आसनं आणि दोन श्वसनप्रकार, सुरुवात उभ्याने प्राणायामाने, शेवट कपालभातीने. कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी हा क्रम अमेरिकेत रुजवला. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने आसनांच्या क्रमावर कोणाचा कॉपीराइट नसतो असा निकाल दिला. त्याच सुमारास त्यांच्यावर लैंगिक छळाचे खटले झाले, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी त्यांचं नाव न घेता नुसतं ‘हॉट’ म्हणतात. आसनं बहुतेक आपल्या ओळखीचीच आहेत: अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन, उष्ट्रासन. प्रश्न खोलीचा आहे.

१८ एप्रिल

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा मीटर मागवला होता, ₹४२०. आज आला. खाली शिवणाच्या खोलीत दुपारी तीन वाजता ३३ अंश आणि ६५ टक्के. गच्चीवर पावसाळ्यासाठी पत्रे घातलेत, तिथे नेऊन ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं तर ४० अंश आणि ४४ टक्के.

मला वाटलं मीटर बिघडला. एकाच घरात वर ४४ टक्के आणि खाली ६५? पुन्हा खाली आणला, पुन्हा ६५. यांनी समजावलं: हवेत पाणी तेवढंच आहे, पण तापलेल्या हवेची पाणी धरायची ऐपत वाढते, म्हणून टक्का उतरतो. बिक्रमच्या पद्धतीत खोली १०५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेचाळीस अंश आणि ४० टक्के ठेवायची असते. म्हणजे जे करायला स्टुडिओवाले वीज जाळतात, ते आमच्या गच्चीवर फुकट होतं.

या शोधाचा एवढा आनंद झाला की साडेतीनला चटई घेऊन वर गेले. दीड वाजता बांगड्याचं हुमण (कालवण) आणि भात पोटभर जेवले होते. पाणी नेलं नाही. जिन्याचं दार ओढून घेतलं, कोणी बघायला नको म्हणून. पूर्ण क्रम करायचा ठरवला.

विसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. चोविसाव्या मिनिटाला कठड्याशी बसून सगळं हुमण बाहेर. बाविसाव्या मिनिटापासून घाम नुसता गळत होता, सुकत नव्हता. दार मीच ओढलेलं, त्यामुळे हाक कोणाला ऐकू गेली नाही. दहा मिनिटं बसूनच राहिले आणि मग बसल्या बसल्याच एकेक पायरी सरकत जिना उतरले.

चुका एका ओळीत लिहिते, म्हणजे कोणी पुन्हा करू नये: भरल्या पोटी, एकटीने, बिनपाण्याने, दार लावून आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ.

१९ आणि २० एप्रिल

डोकं ठणकतंय. दोन ब्लाउज उशिरा गेले, एका गिऱ्हाइकाने बोलून घेतलं. सासूबाई एकच म्हणाल्या, "गो, पत्र्याखाली आम्ही आमसोलं वाळवायचो."

२२ एप्रिल

डॉक्टर. तपासणीचे ₹३००. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं. माझ्या गोळीत दोन औषधं आहेत आणि त्यातलं एक लघवी वाढवून पाणी व मीठ बाहेर काढतं. चार वर्षं गिळते आहे, मला माहीतच नव्हतं. त्यात घामानेही पाणी आणि मीठच जातं, म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती. उठून उभं राहिलं की दाब घसरून चक्कर येऊ शकते.

गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. पंधरा दिवस रोज सकाळी आडवं पडून एकदा आणि उभं राहून एकदा दाब मोजायचा, वहीत लिहायचा आणि वर्गाच्या आधी दाखवायला यायचं. सराव पंधरा मिनिटांपासून, रोज पाच मिनिटं वाढवायची, जवळ माणूस हवंच. शरीराला उष्णतेची सवय लागायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि इस्त्रीच्या खोलीत बसून काढलेली वर्षं त्यात धरायची नाहीत. तिथे मी बसलेली असते आणि डोक्यावर पंखा असतो. हे ऐकून माझी मान खाली गेली.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, दिवस गेलेत किंवा रोजच्या गोळ्या आहेत, त्यांनी या पायरीपासून सुरुवात करावी. मी इथे उशिरा आले आणि दिवस गमावले.

२३ एप्रिल

पंधरा मिनिटं. सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर, जिथे वारा लागतो तिथे, जपमाळ घेऊन बसल्या. दर माळेला एक हाक: "गो, आहेस ना?" मी: "आहे." उत्तर आलं नाही तर यांना बोलवायचं असं ठरलंय. नाडी मनगटावर मोजली: १३२. जेवण साडेअकराला, नुसती पेज आणि तोंडी लावायला मिसकूट, म्हणजे कैरीचं लोणचं. सराव तीनला. काही त्रास नाही.

२५ एप्रिल

कपडे. हा माझा प्रांत, म्हणून इथे जास्त लिहिते.

सुती कुडता सर्वात चांगला हा माझा पक्का समज. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मांडला: कोरडा २१० ग्रॅम. पंचवीस मिनिटांनी काढून पुन्हा मांडला: ५४० ग्रॅम. पाव किलोहून जास्त ओझं अंगाला चिकटलेलं, शिवाय हात वर केला की कुडता हाताबरोबर सगळा वर येतो. अर्धचंद्रासनात पोट उघडं पडलं. सभामंडपात हे कधी झालं नव्हतं, कारण तिथे कुडता कोरडा असतो.

गेल्या वर्षी वाड्यावरच्या फुटबॉल संघाच्या जर्सी मीच शिवल्या होत्या. त्यातलं काळं जाळीदार पॉलिएस्टर सव्वा मीटर उरलं होतं. त्याचा बिनबाह्यांचा टॉप बेतला. नेहमीच्या सुईने टाके सुटत होते. दोन बाजू उसवून पुन्हा घातल्या, तरी तेच. विणलेल्या ताणाच्या कपड्याला बॉलपॉइंट सुई लागते. तिचं टोक गोल असतं, ती धागा न भोसकता बाजूला सारते. जर्सीच्या वेळी आणलेल्या सुया डब्यात होत्या, मला फक्त सापडल्या नाहीत. नव्या आणल्या, ₹६०. टाका लगेच बसला.

पहिल्या सरावात ओव्हरलॉकची शिवण काखेत घासली आणि दोन्हीकडे लाल वळ उठले. टॉप उलटा करून घातला, शिवण बाहेर. दिसायला बावळट, अंगाला सुखद. वर्गाला असाच जाणार. वजन: कोरडा ११०, ओला १८०.

२८ एप्रिल

चटई. म्हापशाच्या बाजारातून निळी पीव्हीसीची आणली, ₹६५०, लांबी १८३ आणि रुंदी ६१ सेंटिमीटर. ओल्या तळव्यांखाली ती शेवाळल्या पायरीसारखी होते. दंडायमान जानुशिरासनात, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय हातात धरायचा त्यात, पाय सटकला आणि घोट्याला किंचित मुरड पडली. सुदैवाने सूज आली नाही.

वर काहीतरी कापड हवं. क्रमाने काय केलं:

यांचा पंचा अंथरला. पाणी शोषतो छान, पण तिसऱ्या आसनात पायाखाली गोळा झाला.

पंच्याच्या चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून चटईखाली अडकवलं. इलॅस्टिक मधूनच कापड ओढतं, मध्ये पन्हळ तयार झाली.

शेवटी जाड टेरी टॉवेल घेतले, ₹२८० चा एक. एक दीडशे सेंटिमीटरचाच येतो, म्हणून दोन जोडले. जोड मध्ये न घेता गुडघ्यांच्या खालच्या भागात घेतला. दोन्ही टोकांना पालथ्या बाजूने दहा सेंटिमीटरचे खिसे काढले, चटईची टोकं त्यांत सारायची. उशीच्या अभ्र्यासारखंच, फक्त मध्ये मोकळं. घट्ट, सपाट, एक सुरकुती नाही. इतकी खूश झाले की भाचीला फोटो पाठवला.

रात्री धुतलं.

२९ एप्रिल

आकसलं. सहा सेंटिमीटर. चटई त्यात होडीसारखी वर वळते.

पंचवीस वर्षं शिवणकाम करते. कापड आधी पाण्यातून काढा, मग कात्री लावा, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते. टॉवेल तयार वस्तू म्हणून आला, त्यामुळे तो कापड आहे हे डोक्यातच आलं नाही. खिसे उसवले, दुसऱ्या टॉवेलाच्या उरलेल्या तुकड्याची पट्टी जोडली, पुन्हा घातले. तीन तास गेले. खिसा चटईपेक्षा एक सेंटिमीटर सैल ठेवला, तो तसाच ठेवावा.

आणखी एक: कोरडा टेरी सुरुवातीला घसरतोच. हात आणि पाय टेकतात तिथे आधी पाण्याचा हात फिरवला की पकड येते.

१ मे

आज घाम मोजला. कपड्यांशिवाय वजन, सरावाआधी ६८.४. पंचेचाळीस मिनिटांनंतर अंग पुसून ६७.९. मध्ये २५० मिली पाणी प्यायले. म्हणजे गेला पाऊण लिटर. नव्वद मिनिटांचा हिशेब दीड लिटर. देवळातल्या तासाभरात मी ओंजळभरही घामत नाही.

मग भरून काय काढायचं? घरात तीन मतं. हे म्हणतात अडसर, म्हणजे शहाळं. सासूबाई म्हणतात तिवळ, म्हणजे कोकमाचं सार. भाची म्हणते दुकानातली ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची पुडी. डॉक्टरांना फोन केला. अडसराच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून एकट्या अडसराने भागत नाही. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणं तर वाईटच, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. पण मी रक्तदाबवाली, मला मीठ कमी खायला सांगितलेलं. मग ठरलं ते असं: रोजच्या सरावाला पुडी नाही, संध्याकाळी मीठ घातलेली पेज पुरे. वर्गाच्या दिवशी एकदाच २०० मिली, तेही वर्गानंतर.

पुडी आणली, ₹२२. आणि ती लिटरची आहे हे न वाचता पेल्यात ओतली. पहिल्याच घोटाला समुद्र. सिंकमध्ये ओतली. लहान मुलाला असं कोणी पाजलं तर त्याचे हाल होतील. पाकिटावरचा आकडा आधी वाचा. दुसरी पुडी बाटलीत, मोजून.

४ मे

दहावा सराव, पंचावन्न मिनिटं. उशिरा लक्षात आलं म्हणून लिहिते: आता घाम पाचव्या मिनिटालाच सुटतो, आधी बाराव्या-तेराव्याला सुटायचा. पंधरा मिनिटांनंतरची नाडी ११४. आणि काळ्या टॉपवर वाळल्यावर मिठाचे पांढरे नकाशे उठायचे, ते फिके झालेत. डॉक्टर म्हणाले होते की शरीर हळूहळू घामातलं मीठ राखायला शिकतं. मला ते कापडावर दिसलं.

कुंकवाचं आजवर लिहायचं राहिलं. ओलं कुंकू तिसऱ्या दिवशी ओघळून डोळ्यात गेलं आणि आग आग झाली. चौथ्या दिवशी टिकली लावली, ती उत्कटासनात पायावर पडली. आता सरावाला कपाळ मोकळं. सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, माळ पुढे सरकवली. मंगळसूत्र घामाने मानेला चिकटतं आणि खाली वाकलं की तोंडात येतं. ते ब्लाउजच्या पेटीत काढून ठेवते.

६ आणि ७ मे

वळीव. गच्चीवर ३० अंश. पत्र्यावरच्या आवाजात सासूबाईंची हाक ऐकू येत नाही, तेव्हा सराव बंद.

दुसऱ्या दिवशी डोकं लढवलं: न्हाणीघराचं दार लावून गिझरचं गरम पाणी सोडलं. मीटर ३४ अंश आणि ९२ टक्के. आकडा कमी म्हणून सोपं जाईल असं वाटलं. आठ मिनिटांत बाहेर आले. गच्चीवर घाम निदान थोडा तरी उडतो, इथे एक थेंब उडत नाही, अंग आतून तापत जातं. चाळीस कोरडे अंश परवडले. ज्यांच्याकडे पत्रे नाहीत त्यांनी वाफेच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा दुपारी पंखा बंद करून साध्या खोलीत सराव करावा. सिलिंडर तेवढा फुकट गेला.

८ मे

वही दाखवली. आडवं १२६/८०, उभं ११८/७८, पंधरा दिवस एवढ्याच आसपास. डॉक्टरांनी होकार दिला. एक अट: वर्गानंतर स्कूटर मी चालवायची नाही.

१० मे, आसगाव

साडेपाचला उठले. एक केळं आणि ४०० मिली पाणी सहापर्यंत, त्यानंतर फक्त घोट. अस्नोड्यावरून म्हापसा, पुढे आसगाव, पोचायला पाऊण तास. भाची म्हापशाच्या स्टँडवर भेटली, तिथून स्कूटर तिच्या हाती.

खोलीत तेरा-चौदाजण, निम्मे परदेशी. भिंतीवरचा आकडा ३९. माझा मीटर पिशवीत होता, तो काढून पाहिला, ४१. भाचीने कोपर मारलं. मग कळलं, मी चटई अंथरली होती ती नेमकी वरून गरम हवा फेकणाऱ्या जाळीखाली. जागा बदलायला उशीर झाला होता. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी छताकडे पाहावं, दाराच्या बाजूला अंथरावं.

शिकवणारी म्हणाली, आज तुमचं काम एकच, खोलीत थांबायचं. चक्कर आली तर बसा, बाहेर धावू नका. पहिलं पाणी गरुडासनानंतर. मी बर्फासारखी गार बाटली नेली होती, दोन मोठे घोट घेतले आणि पोटात गोळा आला. साधं पाणी न्यावं.

उभ्याची आसनं निभली. टॉवेल एक सूतही हलला नाही. शेजारच्या गोऱ्या बाईचा पायाखाली गोळा होत होता, तिने दोनदा माझ्या खिशांकडे पाहिलं. खालच्या आसनांत उष्ट्रासनाला मान मागे टाकली आणि ते अठरा एप्रिलचं अंधारणं परत आलं. लगेच बसले. दुसऱ्या फेरीला उठलेच नाही. मी सराव केला त्या गच्चीवर तीन बाजूंनी वारा होता आणि पंचावन्न मिनिटांपुढे मी कधी गेले नव्हते. शेवटची वीस मिनिटं मला नवीन होती, ती तशी जाणवली. नव्वदच्या वर्गाला निदान सत्तरपर्यंत सराव हवा. वळिवाचे दोन दिवस आणि सुरुवातीचे चार गेले नसते तर झाला असता.

कपालभातीनंतर दहा मिनिटं आडवी. मग पुडीचं २०० मिली पाणी. दाब मोजायचं मशीन नेलं होतं, उभ्याने १०२/६८. अर्धा तास बाकावर बसून पुन्हा मोजलं, ११२/७२. मग निघालो.

११ मे

पाय जड, बाकी ठीक. घरी वजन केलं होतं: ६८.३ चं ६७.२, मध्ये प्यायलेलं अर्धा लिटर धरून गेला १.६. पत्र्याखाली बांधलेला अंदाज फार चुकला नव्हता.

खर्च: मीटर ४२०, चटई ६५०, टॉवेल ५६०, सुया ६०, पुड्या ४४, डॉक्टर दोनदा ६००. एकूण ₹२,३३४, वर्गाचे पैसे सोडून. वाया गेलेले दिवस सहा, बोलून घेतलेली गिऱ्हाइकं एक.

टॉवेलला कुबट वास येत होता. साबणाने गेला नाही, पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवला, गेला.

दुपारी भाचीचा फोन. स्टुडिओतल्या तिघींना तसले खिशांचे टॉवेल हवेत, किती घेणार मावशे? अजून भाव सांगितला नाही. सहा टॉवेल आणलेत आणि ते आता बादलीत भिजत पडलेत.